कमरेच्या फेकीचं वार्षिक नियोजन

ता. ९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिंगी तुझ्याकडे सुखरूप पोचली हे कळलं. तिची मोठी बॅग तू एकटीने जिन्यावरून वर नेलीस आणि तिला हातही लावू दिला नाहीस, हेही कळलं. वय वाढलं तरी तुझी खोड काही जात नाही. तुझी वहिनी विचारते, आत्या तिला वेळेवर जेवायला घालते की अंगठे धरून उभं करते?

आता कामाचं. माझी अट तुला ठाऊक आहे, पण तू बोललेलं सोयीने विसरतेस, म्हणून लिहून पाठवतो. एक वर्ष. मार्चमधल्या निवड चाचणीत लेक आपल्या वजनगटात पहिली आली, तर तिने निवासी प्रशिक्षण केंद्रात जावं, हवा तेवढा ज्युदो करावा, मी ब्र काढणार नाही. नाही आली, तर घरी परत आणि माझ्या ऑफिसच्या शिकाऊ वर्गात. तिने हे मान्य केलंय. रडत केलंय, पण केलंय.

राग मानू नकोस, पण तुझ्या ज्युदोच्या हॉलमधून इतक्या वर्षांत बाहेर काय पडलं? सुरेख पडता येणारी माणसं. आम्ही नियोजन विभागातले लोक आधी शेवट ठरवतो आणि तिथून उलटं चालत आजपर्यंत येतो. तू आजपासून निघतेस आणि कुठे पोचतेस ते तुझं तुलाच माहीत नसतं. सोबत चिंगीचं वर्षाचं नियोजन पाठवतोय. तिची उजवीकडची कमरेची फेक चांगली आहे असं तूच म्हणतेस, तर बाकी सगळं बंद. त्या एका फेकीची आठवड्यात किती आवर्तनं झाली ते मोजायचं, तक्ता भिंतीवर लावायचा, दर महिन्याला आकडा वर न्यायचा. जे मोजलं जातं ते सुधारतं. कारखान्यात हे खरं ठरतं, तर गादीवर खोटं कशाला ठरेल?

माझ्या शहाणपणासकट माझ्यावर लोभ ठेव.

तुझा,
धाकटा


ता. १७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं नियोजन मिळालं. रंगीत आहे. हॉलमधल्या पोरींनी फार कौतुकाने पाहिलं. एकीने विचारलं की बसचं वेळापत्रक बदललं का.

तू जन्मात एकदा ज्युदोच्या गादीवर आलास, नववीत, आणि पाणी पिऊन येतो म्हणून जो गेलास तो आजतागायत पाणीच पितोयस. तिथूनच उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. माझ्या हॉलमधून सुरेख पडणारी माणसं निघतात म्हणून तू हिणवतोस. बाबा रे, ज्याला पडायची भीती असते तो कोणाला पाडायला जातच नाही. तुमच्या विभागात ही गोष्ट कोणी तक्त्यात घातलेली दिसत नाही.

तुला समजेल असं सांगते. कमरेच्या फेकीचा सराव करताना मुलगी समोरचीचं जॅकेट धरते, गर्रकन वळून पाठ लावते, आपली कंबर तिच्या पोटाखाली घालते, आणि तिथेच थांबून पुन्हा बाहेर येते. आम्ही याला आत शिरणं म्हणतो. दर वेळी फेकत नाही, कारण फेकलं तर समोरची तासाभरात अंथरूण धरेल. तू ज्याला आवर्तन म्हणून मोजायला सांगतोस ते हेच. वर ती समोरची खांबासारखी उभी असते. खरी प्रतिस्पर्धी खांब नसते. तिलाही घरी जाऊन आईला तोंड दाखवायचं असतं.

पण बाप तू आहेस, अट तुझी आहे, आणि पोरगी तुझ्या धाकाने रोज त्या तक्त्याकडे बघत बसते. तेव्हा तुझं नियोजन मी पाळीन. अक्षर न् अक्षर पाळीन, एक रेघ इकडची तिकडे होणार नाही. मग काय फळ येतं ते आपण दोघं मिळून बघू.

बाकी चिंगी मजेत आहे. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आणि दोनदा वाढून घेते. संध्याकाळी हॉलचं कुलूप लावून आम्ही दोघी बोलत घरी येतो. मला बरं वाटतं. इतकी वर्षं ती वाट मी मुकाट्याने चालत होते.

वहिनीला सांग, जेवणाआधी अंगठे, नंतर नाही. आकड्यांतून वेळ मिळालाच, तर बहिणीवर थोडी माया करत जा.

तुझी,
ताई


ता. २ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ऑक्टोबरचा आकडा बघून तुझा ऊर भरून आला, असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. आता तो ऊर जरा आवर.

काल शहरातली स्पर्धा झाली. चिंगीची पहिलीच लढत. तिने पकड घेतली, वळली, आणि कंबर अशी लागली की मी कित्येक वर्षांत तशी पाहिली नव्हती. समोरची मुलगी तिच्या पाठीवर होती, पाय जमिनीवरून सुटलेले. लेकरू गिरकी घेऊन पुढे आपटणार, एवढंच राहिलं होतं. आणि तुझ्या लेकीने तिला अलगद खाली ठेवलं आणि एक पाऊल मागे घेतलं. एक आवर्तन पूर्ण. समोरची बिचारी क्षणभर भांबावली, मग तिने चिंगीचा तो मागे येणारा पाय झाडला, आणि चिंगी पाठीवर. पाठ टेकली की खेळ खलास. बाकावरचे लोक हसले. पंचाने तोंडावर हात धरला.

घे तुझं नियोजन. जे मोजलं ते सुधारलं, अगदी बरोबर. आत शिरून बाहेर येण्यात तुझ्या मुलीचा हात धरणारी या शहरात कोणी नाही. आता हे कारखान्यातही करून बघ. माल तयार करा, गाडीत चढवा आणि पुन्हा उतरवून घ्या.

काल रात्री चिंगीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. होईल ठीक. मी तिला म्हटलं की चूक तुझी नाही, तुझ्या बापाची आहे. त्यावर ती ताट उचलून आत गेली.

उत्तर टाळू नकोस, आणि टाळलंस तरी प्रेम असू दे.

तुझी,
ताई


ता. ८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाचता येईना अंगण वाकडं. आराखडा कागदावर असतो, गादीवर कोण उभं होतं? इथे एखादी योजना फसली की ती राबवणारे लोक आधी योजनेलाच शिव्या देतात. तू काही वेगळी नाहीस, फक्त तुझी जीभ जास्त लांब आहे.

असो. बाकावरच्या लोकांनी माझ्या मुलीला हसावं, यासाठी मी तिला तुझ्याकडे पाठवलं नव्हतं. पहिल्या लढतीत अशी पडणारी मुलगी मार्चमध्ये काय दिवे लावणार ते दिसतंच आहे. तेव्हा मार्चपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. पुढच्या महिन्यात मी येतो आणि तिला घेऊन जातो. शिकाऊ वर्गात अजून जागा आहे.

वहिनीचा नमस्कार. माझाही, रागावलेला असला तरी नमस्कारच.

तुझा,
धाकटा


ता. १९ नोव्हेंबर

ती. बाबांस आणि ती. आत्यास,
दोघांनाही सा. न. वि. वि.

एकच मजकूर दोन पाकिटांत घालतेय, म्हणजे मी कोणाला काय लिहिलं यावरून तुम्हाला आणखी चार पत्रं खर्ची घालावी लागणार नाहीत.

मी आत्याचं घर सोडून वकीलबाईंकडे राहायला आलेय. बाबा, या वकीलबाई कोर्टातून सुटल्यावर धक्क्याजवळच्या एका जुन्या गोदामात ज्युदो शिकवतात. आत्या त्यांना बोलघेवडी म्हणते. त्यांनी वरची खोली दिलीय, त्याबद्दल मी सकाळी लहान मुलांचा वर्ग घेते. तुम्ही मला न्यायला येऊ नका. वर्षाची अट तुम्हीच घातलीत आणि वर्ष अजून संपलेलं नाही. ऑफिसात शब्द मोडायची सोय असेल, माझ्याशी मोडू नका.

तुमचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. शेवट आधी ठरवायचा, हे मला पटलं. पण मोजायचंच होतं, तर समोरची पडली का ते मोजायचं. मी किती वेळा आत शिरले ते तुम्ही मोजलंत, म्हणून मी आत शिरायलाच शिकले. माणूस रोज जे करतो तेच शिकतो. यासाठी रंगीत कागद लागत नाही. इथे मी जिला पडायचं नाही अशा मुलीला पाडायला बघते. कधी ती माझ्याहून जड असते, कधी डावखुरी. एक फेक अडली की तिच्यातूनच दुसरी काढायची. निम्म्या वेळा मीच आपटते, आणि का आपटले ते कोणीतरी लगेच सांगतं. हा सगळा कार्यक्रम मी स्वतः ठरवलाय. वकीलबाई फक्त हुज्जत घालतात.

आत्या, तुझ्याबद्दल लिहायला माझा हात धजत नव्हता. त्या दिवशी मी मागे सरले तेव्हा सगळे चकित झाले. पंच, ती मुलगी, मी स्वतः. उठताना मी तुझ्याकडे पाहिलं. तू चकित झाली नव्हतीस. इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईला, रोज नुसतं आतबाहेर केलं की काय होतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं असतं. तू वाट बघत बसलीस. बाबांचं नाक कापायला तू माझे पाच महिने वापरलेस. शिकवायचं होतं तर मला शिकवायचं होतंस, बाबांना नाही. आणि रोज संध्याकाळी माझ्याबरोबर गप्पा मारत घरी यायचीस, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

निवड चाचणीला दोघांनीही येऊ नये. आत्याला तिच्या मुलींना घेऊन यावंच लागेल, तर तिने आपल्या मुलींकडे बघावं.

तुमच्या भांडणातून काही लोभ उरला असेल, तर तो असू द्यावा.

चिंगी


ता. २४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी मुलगी पहिली आली. तारेने कळलंच असेल. आता ऑफिसभर सांगत सुट की तुझ्या नियोजनामुळे आली. तुझ्या लोकांना खरं वाटेल.

मी मात्र तुला जे झालं ते सांगते, कारण दुसरं कोणाला सांगायची सोय राहिली नाही.

शेवटची लढत चिंगीची आणि माझ्याच हॉलमधल्या गोगलगाईची झाली. हे आम्ही तिला ठेवलेलं नाव. लहान असल्यापासून ती माझ्याकडे आहे. स्वतः होऊन काही करत नाही, समोरचीची चूक होईपर्यंत थांबते, आणि मग सोडत नाही. नियम असा की प्रत्येक मुलीच्या बाजूला तिच्या क्लासची बाई खुर्चीवर बसते. चिंगीच्या बाजूला ती बोलघेवडी बसली, काळ्या कोटावर आणखी एक कोट चढवून. गोगलगाईच्या बाजूला मी.

चिंगी दोनदा कमरेच्या फेकीला आत शिरली. दोन्ही वेळा फेकायलाच शिरली होती, थांबायला नाही, आणि दोन्ही वेळा गोगलगाय कशीबशी निसटली. मग पंचाने जॅकेटं नीट करायला लढत थांबवली. तेवढ्यातच आम्हाला बोलायची मुभा असते. मी गोगलगाईला ओरडून सांगितलं की ती तिसऱ्यांदा कमरेनेच येणार, वळताना दिसली की कंबर खाली घे आणि मागे रेल. सल्ला बरोबर होता. आजही मी तोच देईन. चिंगी पट्टा बांधत खाली मान घालून उभी होती. माझा आवाज तिनेही ऐकला.

पुन्हा सुरू झाल्यावर ती वळली, पण अर्धीच. गोगलगाय मी सांगितल्याप्रमाणे मागे रेलली. चिंगीने तिथेच दिशा फिरवली, तिच्या पायामागे पाय घातला आणि जिकडे ती रेलली होती तिकडेच तिला ढकललं. मागे जाणाऱ्याला मागेच पाडायचं, हे मी पहिल्या दिवशी शिकवते. निकाल लागला.

तुला वाटेल मी चिंगीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम ओरडले. बोलघेवडीला तसं वाटलंच, तिने येऊन माझा हात दाबला, मी तो सोडवून घेतला. नाही रे, मुद्दाम नव्हतं. गेल्या वेळी होतं. तेव्हा तू माझ्यावर योजना बिघडवल्याचा आरोप केलास तो खरा होता, फक्त किती खरा ते तुला कळलं नव्हतं. या वेळी मी गोगलगाईला जिंकवायला बसले होते आणि मनापासून बसले होते. ती आता माझ्याशी बोलत नाही. उद्या सकाळी सरावाला आली, तर तिच्यासमोर काय तोंड घेऊन उभी राहू ते मला कळत नाही.

लढत संपल्यावर मुलींनी समोरच्या बाईला वाकून नमस्कार करायचा असतो. चिंगी आली, बरोबर अंतरावर थांबली, कमरेत वाकली. मी म्हटलं की छान फिरलीस, आता घरी चल, तुझी खोली तशीच ठेवलीय. तिने मला धन्यवाद मॅडम म्हटलं आणि गेली.

मॅडम म्हणाली, धाकट्या. लहानपणापासून माझ्या गळ्यात पडून ती मला आत्या म्हणत आलीय. मला तिथेच खुर्चीत बसून रडू आलं. मी खूप वेळ माझी बॅग आवरत राहिले, कोणाला दिसू नये म्हणून.

पुढच्या सोमवारी ती केंद्रात जाईल. तू पोचवायला जाशील, तेव्हा माझा विषय काढू नकोस. काढलास तरी चालेल. ती काय म्हणते ते मला कळव, वाईट असलं तरी कळव.

तिचा लोभ मी माझ्या हाताने घालवला, तुझा तेवढा राहू दे.

तुझी,
ताई