चिप्सवाल्या टोकाचे पाच मीटर

काय घडले ते आधी लिहिते.

१. गेल्या हिवाळ्यात हेझलशॉ रग्बी लीग क्लबने मैदानाच्या चिप्सवाल्या टोकाला, जिथे बटाट्याच्या गरम चिप्सची टपरी आहे, गोलखांबांच्या मागे, जाहिरातदार पाहुण्यांना जेवता जेवता सामना बघता यावा म्हणून काचेची इमारत बांधली.

२. तिला जागा करण्यासाठी त्या टोकाची गोलपट्टी, म्हणजे गोलरेषा आणि मागची रेषा यांमधली जमीन, अकरा मीटरवरून सहा मीटर केली. नियमात सहा चालतात.

३. हेझलशॉ उत्तरार्धात चिप्सवाल्या टोकाकडेच चढाई करते. नाणेफेक जिंकली की कर्णधार तशीच बाजू मागतो. मध्यंतराला सगळे प्रेक्षक चहाचे पेले घेऊन मैदानाला वळसा घालतात आणि त्या टोकाला येऊन उभे राहतात. हे माझ्या पणजोबांच्या वेळेपासून चालू आहे.

४. या मोसमात घरच्या मैदानावर उत्तरार्धात आमच्या संघाच्या हाती जवळजवळ काही लागलेले नाही.

५. दोष चढाई रचणाऱ्या दोघांना दिला गेला: स्टँड-ऑफ ज्यूड होल्रॉइड आणि स्क्रम-हाफ टोमासी फिफिता. ज्यूड माझा धाकटा भाऊ आहे. त्याला संघातून वगळले होते. आता जखमी खेळाडूच्या जागी एका सामन्यापुरते, रविवारी १६ जूनला, परत घेतले आहे.

६. मी गोलपट्टी मोजली आणि अध्यक्षांना सांगितले. त्यांनी मानले नाही.

७. सोमवार, १७ जून रोजी ज्यूडला ठेवायचे की सोडायचे हे समिती ठरवणार आहे. मंगळवार, १८ जून रोजी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत.

सातव्या मुद्द्यातल्या दुसऱ्या वाक्यामुळे हा कागद मृत्युपत्र आहे. पहिल्या वाक्यामुळे तो आज लिहिला आहे.

मी, व्हेरिटी ॲन होल्रॉइड, वय एकतीस, पुलांची तपासणी करणारी अभियंता, राहणार ६ टेंटर रो, हेझलशॉ, वेस्ट यॉर्कशर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही की लाडीगोडी लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. डॉक्टर म्हणाले, शंभरातले अठ्ठ्याण्णव जण व्यवस्थित घरी जातात. एखाद्या पुलाबद्दल मला कोणी असे सांगितले, तर मी तो वाहतुकीला बंद करीन.

व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. डेनिस सटक्लिफ यांनी करावी. ते क्लबचे अध्यक्ष आहेत आणि माझ्या बाप्तिस्म्यापासूनचे धर्मपिता. बाबा, जे स्वतः याच क्लबकडून खेळले, गेले तेव्हा त्यांचे सगळे व्यवहार डेनिसकाकांनीच निस्तरले, आणि आईला एकाही कचेरीच्या खिडकीसमोर उभे राहावे लागले नाही. इतका सरळ माणूस मला दुसरा माहीत नाही. म्हणूनच मला त्यांचा राग आला आहे. लबाड माणसाचा आला नसता.

घर. टेंटर रोवरचे घर, बँकेचे देणे फेडून जे उरेल ते, आई मॉरीन होल्रॉइड हिचे. तिने ते विकावे. मागच्या भिंतीला ओल आहे. घेणाऱ्याला ती दाखवावी, मग भाव करावा.

बचत. आईची. त्यातून तिने स्वतःसाठी काही घ्यावे. ज्यूडला बूट घेऊ नयेत. तो पगारदार आहे.

गाडी. ज्यूडची. क्लच जाण्याच्या बेतात आहे.

हत्यारे. हातोडी, भेगा मोजायच्या पट्ट्या आणि दोर आमच्या कार्यालयाला. अंतर मोजायचे लेझर यंत्र माझा सहकारी इम्रान मेहमूद याला द्यायचे होते, पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि कायद्याने साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. त्याला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सहीपण मीच करायची आणि हात हलवत घरीपण मीच जायचं? वा गं वा!" यंत्र डेनिसकाकांना द्यावे. ते कसे वापरायचे हे इम्रान त्यांना दाखवील.

क्लबचा भाग. क्लब सभासदांचा आहे. माझा एक भाग, म्हणजे शेअर, आणि त्यासोबतचे मत टोमासी फिफिता याला. तो परदेशातून येऊन चार मोसम इथे खेळतो आहे, मुलीचे नाव इथल्या शाळेत घातले आहे, तरी लोक त्याला अजून "घरी कधी जाणार?" असे विचारतात. मत असले की निदान सभेत बसून तो उलट विचारू शकेल.

कठड्याजवळची जागा. चिप्सवाल्या टोकाला, कठड्याच्या डावीकडून तिसऱ्या खांबापाशी आमचे घराणे उभे राहते. कायद्याने ती कोणाची नाही, पण हेझलशॉत ती शेतासारखी वारशाने जाते. ती आईची. आईने सध्या मैदानावर येणे सोडले आहे. कारण पुढच्या कलमात आहे.

ट्रेव्हर बीनलँड. याला काहीही नाही. तो आमच्या शेजारच्या खांबापाशी उभा असतो. मे महिन्यात, ज्यूडने मारलेला चेंडू मागच्या रेषेपार गेला तेव्हा, आई हातभरावर असताना तो ओरडला, "अरे होल्रॉइड, डोंगरापलीकडं लँकेशरला पार्सल पाठवतोस काय रे? बापाचं नाव घालवलंस, आता तूपण चालू लाग!" आई त्याला एवढेच म्हणाली, "ट्रेव्हर, तुझे चिप्स गार होतायत." मग ती घरी गेली. माझी समाधी बांधली आणि ट्रेव्हर फुले घेऊन आला, तर फुले परत करावीत.

आता चेंडूबद्दल. माझ्या वकीलबाई फुटबॉल बघतात, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या खेळात सहा वेळा पकडले गेले की चेंडू समोरच्यांना जातो. म्हणून शेवटच्या वेळी स्टँड-ऑफ किंवा स्क्रम-हाफ चेंडू पायाने जमिनीलगत ढकलतो. तो बचावाच्या पायांमधून गोलपट्टीत जातो, आपला धावणारा गडी त्यावर झेप टाकतो आणि ट्राय होतो, म्हणजे गुण मिळतात. कोणी पोहोचण्याआधी चेंडू मागची रेषा ओलांडून गेला, तर फुकट. समोरचा संघ निवांत चढाई सुरू करतो.

ज्यूडचा पाय अकरा मीटरवर बसलेला आहे. लहानपणापासून तो याच गोलपट्टीत चेंडू ढकलत आला आहे. इतका जोर लावला की चेंडू आठव्या-नवव्या मीटरला मरतो, हे त्याच्या पायाला पाठ आहे. आता आठवा मीटर मागच्या रेषेच्या बाहेर आहे. दुसऱ्या टोकाला, गिरणीकडे, गोलपट्टी जुनीच आहे, आणि पूर्वार्धात आम्ही तिथे नीट खेळतो. हे बघायला अभियंता लागत नाही. पण पूर्वार्धात सगळे जण गिरणीच्या टोकाला उभे असतात आणि मग चहाला जातात. नंतर काय झाले एवढेच त्यांच्या लक्षात राहते.

मी हे डेनिसकाकांना क्लबच्या बारमध्ये सांगितले. आमचे बोलणे असे झाले.

"पोरी, चांगल्या खेळाडूला सहा मीटर म्हणजे फुटबॉलचं मैदान."

"मग चांगला खेळाडू एप्रिलपासून एकदम वाईट कसा झाला, काका? आणि दोघेही एकदमच?"

"फॉर्म जातो गं. तुझ्या बापाचाही गेला होता एकदा."

"गोलपट्टी बदलता येत नाही, मान्य. बाजू बदला. दुसऱ्या हाफमध्ये गिरणीकडे चढाई करू द्या. एक सामना."

ते हसले. मग त्यांनी काचेच्या इमारतीकडे बोट केले. "तिथं जेवणाऱ्यांना मी सांगितलंय, शेवटचे ट्राय तुमच्या ताटासमोर होतील. आणि गावाला काय सांगू? चहा घेऊन उलटे फिरा? लोक मला चिप्सच्या तेलात तळतील."

गावाचा वळसा चुकू नये म्हणून माझ्या भावाने जावे, असा याचा अर्थ होतो. मी तो त्यांना तसाच सांगितला. ते म्हणाले, "तू आजारी आहेस, व्हेरिटी, म्हणून मी मनावर घेत नाही." माझी झडप आणि गोलपट्टीची लांबी यांचा काय संबंध, हे मला अजून कळलेले नाही.

एक गोष्ट मान्य करते. आता ज्यूड खरोखर वाईट खेळतो. चेंडू ढकलायची त्याला भीती बसली आहे, म्हणून तो आडवे पास देत राहतो. टोमासी धावून पुढे जातो आणि मागे वळून बघतो तर चेंडू येतच नाही. चढाई सगळीकडेच आटली आहे. पाच मीटरने सुरुवात झाली. बाकीचे प्रेक्षकांच्या शिट्ट्यांनी केले. गेल्या आठवड्यात ज्यूड माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानेच मांस भरलेली पाई खात होता. म्हणाला, "काकांना सांगून टाकलंय मी. समितीनं मत घ्यायची गरजच नाही, क्लब सोडतो म्हणून मीच सही करतो. पायच माझा राहिला नाही, ताई."

"पाय तोच आहे. जमीन कापली आहे."

"तू असंच म्हणणार. बहीण आहेस."

मी बहीण म्हणून त्याला आजवर एकही गोष्ट खोटी सांगितलेली नाही, हे त्याला माहीत आहे. तरी तो असे म्हणाला. माझा सगळा संताप या एका वाक्यावर आहे, आणि ते वाक्य त्याच्या तोंडी घालणारे लोक दुसरे आहेत.

शेवटचे कलम. मी गेले तर अंत्यविधीत माझ्या धैर्याबद्दल कोणी बोलू नये. गोमांस भरलेल्या पाई आणि वाटाणे द्यावेत.

स्थळ हेझलशॉ, सोमवार, १० जून २०२४. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना पाहिले, आणि तिघेही एकाच खोलीत होतो.

व्हेरिटी ॲन होल्रॉइड (सही)

साक्षीदार: नोरीन बूथ, शेजारी, ८ टेंटर रो (सही)
साक्षीदार: इम्रान मेहमूद, अभियंता, हडर्सफील्ड (सही)

सोबतची चिठ्ठी, श्री. डेनिस सटक्लिफ यांस:

डेनिसकाका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते. तुम्हाला मी आधीच पाठवते आहे, कारण मी गेल्यावर तुम्ही रडाल आणि हवे ते कबूल कराल. मला ते नको. मी समोर असताना, रागावून का होईना, उत्तर हवे.

प्रश्न दोन आहेत. माझे व्यवस्थापक व्हाल का? आणि रविवारी, १६ तारखेला, उत्तरार्धात गिरणीच्या टोकाकडे चढाई करता यावी अशी बाजू मागायला कर्णधाराला सांगाल का? आपण नाणेफेक हरलो तर प्रश्न मिटला. मी काही म्हणणार नाही. जिंकलो तर ज्यूडला एकदा जुन्या जमिनीवर, थकल्या पायांनी, लोकांसमोर चेंडू ढकलू द्या. मग सोमवारी समितीला जे वाटेल ते तिने ठरवावे. तेव्हाही त्याचा चेंडू बाहेर गेला, तर माझे चुकले असे मी लिहून देईन.

दोन्ही उत्तरे स्वतंत्र आहेत. दुसऱ्याला नाही म्हणालात तरी पहिल्याला हो म्हणू शकता. मी दुसरा माणूस शोधणार नाही.

शुक्रवार, १४ जून, संध्याकाळी सहापर्यंत कळवावे. मी घरीच आहे.

व्हेरिटी