दोडक्याचा मांडव

उचगाव,
८ मे

प्रिय विद्याश्री,

फोनवर सांगण्यासारखं असतं तर फोनच केला असता. पण तू पलीकडून ‘मामा’ म्हणालीस की माझं अवसान गळतं आणि मी जेवलीस का, ऊन किती आहे, एवढं विचारून फोन तुझ्या आत्तीकडे, रत्नव्वाकडे देतो. म्हणून तुझ्या बागेच्या वहीतली मागची कोरी पानं फाडून लिहायला बसलो आहे. तू रविवारी म्हणालीस, पंधरा तारखेला शाळेचा राजीनामा देते, वारणानगरची खोली सोडते आणि कायमची उचगावला येते. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. वाचून झाल्यावर काय करायचं ते तू ठरव. मात्र वाचल्याशिवाय राजीनाम्यावर सही करू नकोस, एवढं या म्हाताऱ्याचं ऐक.

आधी बागेचं सांगतो, कारण ती तू माझ्या भरवशावर टाकून गेली होतीस. संक्रांतीला दोन दिवस आलीस, घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात आळी केलीस, दोडका, कारलं, काकडी, भेंडी, गवार असं सगळं उन्हाळी बी माझ्या पुढ्यात मांडलंस आणि प्रत्येकाचं काय करायचं ते वहीत लिहून दिलंस. जाताना म्हणालीस, मे महिन्याच्या सुट्टीत येईन तेव्हा पहिला दोडका तुमच्या हातचा. माझा सोमेश असताना ही बाग तुम्हा नवरा-बायकोची होती. मी आपला लांबून बघायचो. चौतीस वर्षं शिरोली एमआयडीसीत भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, मला वितळलेलं लोखंड रंगावरून ओळखता यायचं, पण भेंडीचं रोप आणि आंबाडीचं रोप यांतला फरक सांगता यायचा नाही. सोमेश गेल्याला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. त्यानंतर ती बाग तू एकटीनं चालवलीस, आणि नोकरी लागल्यावर माझ्या हातात दिलीस. मला तेव्हा केवढा मान वाटला होता, ते मी कधी बोललो नाही.

बी उगवून आलं तसा मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडव घातला. बांबू, तारा, वर सुतळीची जाळी. दोन म्हाताऱ्या माणसांना लागेल त्याच्या चौपट मोठा. रत्नव्वा म्हणाली, “एवढा मांडव कुणाच्या लग्नाचा वं?” मी तिला गप्प केलं. त्याच दिवशी, मी शिडीवर असताना, वडगावचे एक पाहुणे आले. पिंपळासारखे उंच, कपाळाला विभूती, बोलणं अगदी मोजकं. त्यांना मी खाली बाकावर बसवलं, चहा दिला, जाताना पिशवीभर पावट्याच्या शेंगा दिल्या. ते का आले होते ते याच पत्रात सांगणार आहे. आत्ता लगेच लिहायला घेतलं तर पुढचं काहीच लिहिणार नाही, हे मला माहीत आहे.

मार्चमध्ये वेलांना चार-चार पानं फुटली आणि लाल भुंगेरे आले. तुझ्या वहीत होतं तसं सकाळी दव असताना हातानं वेचले, चुलीची राख भुरभुरली. भेंडीवर मावा आणि पांढरी माशी आली तेव्हा तेलाच्या डब्याचे पत्रे कापून पिवळे रंगवले, वर एरंडेल चोपडलं आणि काठ्यांना टांगले. दोन दिवसांत ते पत्रे चिकटलेल्या किडीनं काळे झाले. गल्लीतली पोरं बघायला यायची. शेजारच्या धोंडुबाईनं तर तिच्या परसात लावायला दोन पत्रे मागून नेले. विद्या, खोटं कशाला सांगू, त्या पंधरा दिवसांत मी सुखी होतो. सकाळी उठायला कारण होतं. प्रत्येक पानाखाली वाकून बघायचो आणि मनात म्हणायचो, पोरगी येईल तेव्हा दाखवू, की फाउंड्रीवाल्याला पण जमतं.

मग एप्रिल लागला. काकडी बोटाएवढी झाली की वाकडी व्हायची, चिरून बघितली तर आत अळ्या. फळमाशी. पहिले दोन दोडके तर हातात धरताच पिचले. तू वहीत लिहिलं होतंस, कीडकं फळ तोडून खड्ड्यात पुरा, फळमाशीचा सापळा टांगा, धीर धरा. धीर धरणं मला कधी जमलंय? तुझी सुट्टी महिन्यावर आली होती आणि मांडवावर एक धड फळ नव्हतं. माझ्या डोक्यात एकच बसलं, की रिकामा मांडव दिसला तर पोरगी दोन दिवस राहून परत जाईल. मी औषधांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, सगळ्यात जालीम असेल ते द्या. दुकानदारानं विचारलं, “किती एकर हाय, मामा?” मी खोटंच सांगितलं, दोन.

आता चूक सांगतो. आयुष्यभर पहिल्या पाळीत गेलेला माणूस मी. माझं काम सकाळी सातला सुरू होतं, ते रिटायर झाल्यावर पण सुटलेलं नाही. वहीत तू लाल पेनानं खूण केली होतीस, फुलोऱ्यात औषध मारू नका. मारायचंच झालं तर अंधार पडता पडता, तेही निंबोळीचं. मी ते वाचलं होतं. वाचून म्हटलं, औषध ते औषध, सकाळ काय आणि संध्याकाळ काय. पाठीवर पंप घेतला आणि सकाळी आठाच्या उन्हात, काकडी-कारल्याची पिवळी फुलं उघडी असताना, सगळा मांडव धुऊन काढला. चार दिवसांनी परत. आणि आठवड्यानं परत.

बाग काय स्वच्छ झाली म्हणून सांगू! भुंगेरा नाही, मावा नाही, माशी नाही. पानं तेल लावल्यासारखी चमकत होती. फुलंही भरपूर. फक्त फळ धरेना. मादी फुलामागं बारीकसं फळ असतं ना, ते दोन दिवसांत पिवळं पडायचं आणि गळायचं. मला वाटलं, ही आणखी कुठली तरी डोळ्यांना न दिसणारी कीड. मी चौथ्यांदा पंप भरत होतो तेव्हा कुंपणापलीकडून धोंडुबाई म्हणाली, “आण्णा, औंदा मधमाश्या कुठं गेल्या वं? माझ्या शेवग्यावर एक बी न्हाय बगा.” पंप तसाच खाली ठेवला. मांडवाखाली गेलो तर मातीवर त्या पडलेल्या होत्या, वाळलेल्या, मुगाच्या टरफलासारख्या. मी त्या आधीही पाहिल्या असणार. माश्याच समजलो असेन. किडीला भिऊन मी सगळंच मारून टाकलं होतं.

भेंडी आणि गवारीला मधमाशीवाचून चालतं, त्या तेवढ्या आल्या. पण औषधाच्या भीतीनं त्याही तुझ्या आत्तीनं खाऊ दिल्या नाहीत, तोडून खड्ड्यात पुरल्या. मग तुझी वही पहिल्यापासून परत वाचली. शेवटच्या पानावर सापडलं, माशी नसेल तर हातानं परागीकरण करता येतं, दोडका संध्याकाळी फुलतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला आम्ही दोघं मांडवाखाली. मी नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मादी फुलाला हलकेच टेकवायचं. माझी बोटं भट्टीनं भाजून राठ झालेली, निम्मी फुलं त्यातच मोडली. रत्नव्वा वेल धरून उभी राहायची आणि तोंडानं चालू असायची. “एवढाल्या माश्या फुकट राबत हुत्या, त्यास्नी मारलासा. आता करा त्यांची पाळी!” वीस-बावीस फुलांना असं केलं असेल. त्यातला एक दोडका धरला. एकच.

अशात रविवारी तुझा फोन आला. तू सांगितलंस की एक मेला निकालाच्या दिवशी शाळेत पेढे वाटले, तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या शिवकुमार सरांचा साखरपुडा झाला म्हणून. हे तू अगदी सरळ आवाजात सांगितलंस, आणि त्याच दमात म्हणालीस, “मामा, इथं माझं काय राहिलंय? मी तुमच्याजवळच येते.” सहा महिने मी याच वाक्याची वाट बघत होतो. फोन ठेवला आणि मला आनंद झाला नाही. मी त्या रिकाम्या मांडवाखाली जाऊन बसलो. रत्नव्वा मागून आली. फेब्रुवारीपासून ती एका विषयावर माझ्याशी बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. “पोरगी हितं येऊन आपली भांडी घासत म्हातारी व्हायची. तुमी सांगतासा, का मी सांगतो?”

तर आता सांगतो. ते वडगावचे पाहुणे शिवकुमारचे मामा होते. शिवकुमारनं त्यांना तुझ्यासाठी विचारायला पाठवलं होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की सून अजून सासरच्या नावानं आहे, तेव्हा पहिला शब्द सासऱ्याकडे टाकायचा, त्याचा होकार घेऊनच पोरीला विचारायचं. माणूस माझा मान राखायला आला होता, पोरी. आणि मी शिडीवरून उतरून, तुला न विचारता, त्यांना सांगितलं, की आमच्या विद्याला दुसरं लग्न करायचंच नाही, तिनंच आम्हाला तसं बजावून ठेवलंय. मी नको म्हणालो असतो तर ते परत आले असते. म्हणून तुझं नाव पुढं केलं. बसवण्णांचं नाव घेऊन रोज पूजेला बसतो मी, आणि त्या दिवशी एवढं खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही. तू गेलीस तर सोमेश दुसऱ्यांदा जाईल, एवढंच मला दिसत होतं. तो पोरगा भला, त्यानं तुझा शब्द म्हणून मानला आणि तुझ्या वाटेत परत आला नाही. तू समजलीस, त्यानं टाकलं. परवा मंगळवारी मी वडगावला गेलो, त्या मामांच्या पायावर डोकं ठेवलं आणि खरं सांगितलं. ते म्हणाले, “पोरगं दोन म्हैनं धड जेवलं न्हाय, पावणं. आता तिकडं दुसऱ्याच्या पोरीला शब्द दिलाय. लगीन एकतीसला हाय.” मोडलेलं जोडून द्यायला माझ्याजवळ काही नाही, विद्या. एवढंच आहे, की तुला कुणी नाकारलं नव्हतं. नाकारलं मी, तुझ्या तोंडानं. ‘आपल्याला कुणी विचारलं नाही’ असं समजून तू नोकरी सोडू नकोस आणि माझ्याकडे येऊ नकोस. आम्ही दोघं आहोत तसे राहू. मांडव उद्या उतरवतो आहे. तो एक दोडका वेलासकट ठेवला आहे, तो वाळेल तेव्हा बी काढून पोस्टानं पाठवीन. कुठंही, कुणाच्याही दारात लाव, पण सकाळी औषध मारणाऱ्या माणसाच्या हातात देऊ नकोस. आणि कधी आलीस, तर मला शिव्या द्यायला ये. मी दारातच बसलेला असेन.

‘तुझाच’ लिहायचा हक्क आता तुझ्या हातात,
मामा
(महालिंग)