टाचा दाराकडे

१४ तारीख, मंगळवार, दुपार

तीर्थरूप बाबा,

थोरलीचा नमस्कार. पाठ कशी आहे? काकू औषध वेळेवर देते ना, की तिला मालिका संपेपर्यंत आठवणच येत नाही? मी सुखरूप आहे. जेवते, झोपते. त्यातलं ‘झोपते’ अर्धंच खरं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, हे एक कारण. दुसरं पुढे येईल. या कागदांचे फोटो काढून काकूच्या मोबाइलवर पाठवणार आहे, पण वाचायचे तुम्ही. तिच्याकडून वाचून घ्यायचे नाहीत.

खोली धुलाईच्या दुकानाच्या वर आहे. दिवसभर खालून वाफ आणि साबणाचा वास येतो. घरमालकीण म्हातारी आहे, गुडघ्यांनी बेजार, तरी कुरकुरत जिना चढतेच. इथे माणसं बूट घालून थेट पलंगापर्यंत जातात हो! मी चपला दाराबाहेर काढते. तिला वाटतं, ही बाई विसरली. मग ती उचलून आत टाकते, एक उलटी, एक सुलटी. मी परत बाहेर ठेवते. आमचं भांडण एवढंच, आणि तेही मुक्यानं.

बाकी सगळंच मुक्यानं चाललंय. भरल्या बसमध्ये मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवणारी तुमची कंडक्टर मुलगी इथे तोंड उघडायला घाबरते. पाट्या वाचता येत नाहीत. काल बसमध्ये बसले तर कुठे उतरायचं ते कळेना. इथल्या बसला कंडक्टरच नाही, विचारू कुणाला? शेवटचा थांबा आला, दिवे मालवले, ड्रायव्हर माझ्याकडे बघून काहीतरी बोलला आणि मी पिशवी उचलून खाली उतरले. भलत्या थांब्यावर उतरलेल्या किती प्रवाशांना मी झापलंय, बाबा. त्यांची तोंडं काल एकेक करून आठवली.

आता दुसरं कारण. रविवारी फोनवर मी म्हणाले, धाकटा भेटला, घसा बसलाय म्हणून बोलत नाही. ते खोटं होतं. तुमचा आवाज ऐकला की मला खोटंच सुचतं. कागदावर तसं जमत नाही.

ज्याचा फोन बंद झाला म्हणून शोधायला या परमुलखात आले, तो धाकटा भेटलेला नाही. त्याच्या खोलीत दुसरीच माणसं राहतात. त्याचं नाव सांगितलं, फोटो दाखवला, त्यांनी दार लावून घेतलं.

मग त्याच्या कारखान्यात गेले. खिडक्यांच्या लाकडी चौकटी करतात तिथे. मुकादम भला माणूस वाटला. फोटो बघितल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. त्यानं मला एका करवतीपाशी नेलं. तिच्यावर आता नवी कोरी पिवळी जाळी बसवलीय. त्यानं स्वतःचा उजवा हात वर केला, तीन बोटं मुडपली, आणि डाव्या हाताची धार त्यांच्यावरून फिरवली. मग छातीवर हात ठेवून मान हलवली, म्हणजे जिवंत आहे. कुठे गेला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

हे मी तुम्हाला फोनवर कसं सांगणार होते? तुमचा हात थरथरायला लागल्यापासून घड्याळांचं दुकान बंद ठेवलंय ते त्याच्यासाठी. भेटेल त्याला सांगता, पोरगा आला की शटर वर जाईल, त्याच्यासारखी चिमटी कुणाची नाही. त्यालाही प्रत्येक फोनवर हेच ऐकवायचात. तुम्हाला दोष देत नाही. पण त्याचा फोन का बंद झाला, ते मला त्या करवतीपाशी कळलं.

बुधवार, सकाळ

काल इथवर लिहिलं आणि पुढचं लिहवेना, म्हणून भाजी आणायला बाहेर पडले. बाबा, माझ्या मागावर कुणीतरी आहे. परवा बाजारात पहिल्यांदा दिसला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, अंगात ढगळ कोट. मी थांबले की तोही थांबतो. मी वळले की दुकानाच्या काचेत बघत राहतो. काल परत तोच. जीव मुठीत धरून घरी आले. ओरडायचं म्हटलं तर कुठल्या भाषेत ओरडू? पोलीस दिसला, पण त्याला सांगू काय? खिडकीतून बघितलं तर समोरच्या फुटपाथवर उभा. एक हात खिशात. सगळा वेळ खिशातच.

हसू नका. त्या हातात सुरा असेल असंच मला वाटलं. दाराला खुर्ची लावून बसले.

बुधवार, दुपार

अक्षर वेडंवाकडं आलंय, माफ करा.

घरमालकीण सकाळीच छत्री घेऊन बाहेर गेली. घरात मी एकटी. मघाशी जिन्यावर पावलं वाजली. म्हातारीची नव्हेत, तिचे गुडघे मला ऐकून पाठ झालेत. पावलं माझ्या दारापाशी आली आणि थांबली. मी हातात तवा घेऊन भिंतीला चिकटून उभी. बाहेर कुणीतरी खाली वाकलं, कोटाची सळसळ ऐकू आली. टकटक नाही, हाक नाही. मग पावलं हळूच उतरून गेली.

धीर करून दार किलकिलं केलं. माझ्या चपला वळवून ठेवल्या होत्या, बाबा. टोकं जिन्याकडे, टाचा दाराकडे, जोडी अगदी सरळ. पाहुणा निघाला की त्याला पाय सरकवता यावा म्हणून तुम्ही धाकट्याला लहानपणी लावलेलं वळण. आपल्याकडे आलेल्या प्रत्येकाच्या चपला तो असाच वळवून ठेवायचा, आणि मी त्याला चिडवायचे.

या गावात चपलांना हात लावणारी एक म्हातारी, आणि ती त्या नुसत्या फेकते.

जिन्याकडे धावले. रस्त्यावर कुणी नव्हतं. हाका मारल्या, अगदी बसमधल्या आवाजात. माणसं वळून बघायला लागली. तो आला नाही.

आता खुर्ची बाजूला केलीय आणि दाराची कडी काढून ठेवलीय. भीती गेलेली नाही. परक्या गावात उघडं दार ठेवून बसायचं म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? तो नसेल आणि दुसराच कुणी असेल तर? आणि तोच असेल, आत येईल, खिशातून हात काढील, तेव्हा मी कुठे बघू? रडायचं नाही असं ठरवलंय. माझं ठरवणं तुम्हाला माहीत आहे.

तुमच्याकडे एकच मागणं. तो फोनवर आला तर दुकानाचं नाव काढू नका. जेवलास का, एवढंच विचारा. हे वाचून रडायचं असेल तर आजच रडून घ्या, त्याच्यापुढे नको.

थांबा. जिन्यावर पावलं आहेत.

वर आली. दारापाशी थांबली. मी उठत नाहीये, लिहीतच राहते, नाहीतर माझ्या तोंडून हाक जाईल आणि तो परत पळेल. बाहेर कुणीतरी पायरीवर बसलंय. बूट काढतंय. नाडी सोडायला त्याला फार वेळ लागतोय.

या गावात कुणी बूट काढत नाही, बाबा.

तुमची
थोरली