काचा नीट बसल्या का

४ मार्च

चि. दांडगोबास,
अनेक आशीर्वाद. दंगलीत जळालेलं आपलं चष्म्याचं दुकान सुताराने साफ केलं. आत आता उजेड येतो, पण माझा पाय काही आत पडत नाही. गल्लीतलं तारेचं कुंपणही तसंच आहे. पलीकडचे पलीकडे, आपण अलीकडे. दर रविवारी शाळेच्या वर्गात दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून बोलतात. तिथे पलीकडचा एकजण बाबांचं शेवटी काय झालं ते मला सांगणार आहे. मी जायचं म्हणतेय. रागावून जेवण सोडू नकोस, तुझं ते नेहमीचं आहे.
आहेस तिथे जिवाला जप.
तुझी आई

११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. जेवतो, पण घास उतरत नाही. ज्यांनी बाबांना मारलं, त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसणार तू? जायचंच असेल तर एवढं कर, त्याचं नाव घेऊन ये. पुढचं मी बघतो.
राग आला तरी मी तुझाच.

१९ मार्च

चि. दांडगोबास,
अनेक आशीर्वाद. जाऊन आले. तो खाली मान घालून बोलला. दंगलीच्या दिवशी त्याच्यासकट सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. दुकान पेटवायचं आणि पळायचं, एवढंच ठरलं होतं. पण चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून या शहाण्याने फडक्यावर चष्मा चढवला, तोही आपल्याच दुकानातला. स्वतः घासलेल्या काचा बाबा ओळखणार नाहीत होय? त्यांनी त्याला नावाने हाक मारली आणि विचारलं, काचा नीट बसल्या का, डोकं दुखायचं थांबलं का. आपल्याला ओळखलं म्हणून तो घाबरला आणि त्याने हातातली सळई चालवली.

गप्प राहिले असते तर वाचले असते रे. पण गिऱ्हाईक दिसलं की चौकशी करायची खोड. मी तिथेच हमसून रडले. तोही रडला. माफ केलेलं नाही, हे त्याला तोंडावर सांगून आले.

नाव मला कळलंय. तुला कळवणार नाही. नवरा गेला, आता मुलगा हातचा घालवायचा नाही मला.
रुसलास तरी दोन ओळी लिही.
तुझी आई

२७ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. बाबा तसंच विचारतील, अगदी तसंच. पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू आवरेना.

नाव नको कळवूस. मी रविवारी येतो. काय केलं ते त्याने माझ्यासमोर स्वतः सांगावं. हात आवरेल असा शब्द मात्र देत नाही. तू शेजारी बस आणि माझा हात सोडू नकोस.
तुझा दांडगोबा