तुझ्या कार्यक्रमात मारलेली धामण

भिलाई, शनिवार

प्रिय शालू,

आज सकाळी नऊला जुनवानीच्या घरून निघालो. नंदिनी नगरच्या पुढे, तू दर शनिवारी शिकवायला जायचीस त्या शाळेत तुझ्या नावाचा कार्यक्रम होता. अकराला सुरू झाला, दीडला घरी आलो. तेव्हापासून तोंडाला चव नाही. तुला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस पत्र लिहावं असं काही घडलं नव्हतं. आज घडलं, आणि ते सांगायला दुसरं कोणी नाही.

मंचावर वाघाचं मोठं बॅनर होतं. वाघ! तू वाघाचं चित्र एकदा तरी वर्गात नेलंस का? "वाघ या पोरांनी कधी पाह्यला? त्यांच्या परसात धामण आहे, घुबड आहे, मुंगूस आहे, तेच शिकवू द्या मले," असं म्हणायचीस. प्रत्येक पोराला त्याच्या घराजवळचा एक प्राणी वाटून द्यायचीस. आठवडाभर त्या प्राण्यानं काय खाल्लं, ते वहीत लिहायचं. बॅनरवर तुझा फोटो वाघाच्या पंजाखाली होता.

दिवा लावायच्या वेळी हँडपंपाजवळ साप निघाला. लांब, पिवळसर, भिंतीला लागून पळणारी धामण. इतकी वर्षं तुझं ऐकून मलाही ओळखता आली. सहावीतली खिलेश्वरी, मारू नका म्हणत, पुढे धावली. "धामन हे सर! झन मारव, जहर नइ हे!"

"चुप! मेहमान बैठे हैं," हेडमास्तर म्हणाले. मग चपराशाला, "जल्दी निपटा, फोटो बाकी है।"

चार काठ्यांत निपटली. काठीवर उचलून भिंतीपलीकडे फेकली. टाळ्या पडल्या, शालू! आणि लगेच हेडमास्तरांनी माइक हातात घेतला. "मैडम ने हमें हर जीव से प्रेम करना सिखाया।"

खिलेश्वरी माझ्याकडे बघत होती. 'मैडम के सर' म्हणून ती पोरं मला ओळखतात. तुझा तास होईपर्यंत मी बाहेर स्कूटरजवळ बसलेला असायचो ना! मी शाल घेतली, हात जोडले. समोसा दिला, तोही खाल्ला. त्या सगळ्यांची किळस आली, पण सगळ्यात जास्त त्या समोशाची.

मी ड्यूटीवरून घरी आलो की तू चिडवायचीस, "कावून गप बसून राहता? आवाज मिलमधीच जमा करून आले का?" मी हसून सोडून द्यायचो. सोडून द्यायला नको होतं.

पण एक गोष्ट तुलाही विचारतो, रागावू नको. तुझा तास सुरू झाला की मास्तर लोक काय करायचे? टपरीवर चहाला जायचे. त्यांच्यासाठी तो मोकळा तास होता. मी बाहेर बसून दर शनिवारी बघायचो. तू पोरांना सगळं शिकवलंस, आणि पोरांना गप करणारे बाहेर चहा पीत राहिले. त्यांना एकदाही आत का नाही बसवलंस? आणि मी हे तुला कधीच का नाही सांगितलं?

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. प्रार्थना झाली की सगळ्यांसमोर सांगणार, ती पोरगी बरोबर होती, आम्ही मोठी माणसं चुकलो, मीपण चुकलो. मग तुझा शनिवारचा तास मागणार. मला तुझ्यासारखं शिकवता येणार नाही, हे माहीत आहे. पण मास्तर आत येऊन बसल्याशिवाय सुरू करणार नाही, एवढं तुला कबूल करतो.

मघाशी नळ आला. बादली लावून उभ्या उभ्या ते वाक्य म्हणून पाहिलं. "खिलेश्वरी सही थी।" पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. नळ बंद केला आणि पुन्हा म्हटलं.

तुझा
वासुदेव