सोळा खड्डे आणि कुसाबाईचं खळं

नाशिकरोड
२३ नोव्हेंबर १९९८

चि. सरितास, दादाचे अ. आ.

तुमच्या पाड्यावरच्या दोन दिवसांच्या मुक्कामाचा खरा खर्च असा : डिझेलचा एक डबा, मखमली खुर्चीचा एक पाय, मित्र वाल्मीकरावांचा चष्मा आणि त्यांच्या सौ.चा माझ्यावरचा विश्वास. बाकी सगळं वसूल. नेमकी तू प्रशिक्षणाला गेलेली, म्हणून भेट हुकली.

लोक रानात इवलासा तंबू ठोकतात, पाय बाहेरच राहतात. आपण पडलो मांडववाले. सोळा खांबांचा मांडव, कनाती, नवरानवरीच्या दोन खुर्च्या, जनरेटर, स्पीकर. वाल्मीकरावांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पंचवीस वर्षं टर्बाइनशेजारी काढली, तरी म्हणाले की निसर्ग जरा मोठ्याने वाजतोय. जागा मात्र तू झकास काढून ठेवलीस. डोंगरात एवढी सपाट, वर शेणाने सारवलेली. पत्र मिळताच बहीण स्वागताला लागली, असं मी छाती काढून सांगितलं.

निघताना वापरलेल्या प्लास्टिकच्या ताटल्या-ग्लास बांधाआड नीट रचून ठेवलेत. कोणाला दिसायचे नाहीत.

लोभ आहे तेवढा राहू दे, घासाघीस नको.
तुझा यादवदादा


आश्रमशाळा, ता. पेठ
२८ नोव्हेंबर १९९८

ती. दादास, सरिताचा सा. न.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, कारण बसायला खोली राहते की नाही याची खात्री नाही.

दादा, मी काहीही सारवलं नव्हतं. ते कुसाबाईचं खळं. तिच्याच पडवीतल्या खोलीत मी राहते. नागली कापून तिने शेजारी रचली होती, मळणीसाठी तीन दिवस खपून जमीन चोपली होती, सारवली होती. त्यात तुझे सोळा खड्डे. मजूर लावून बुजवते म्हणाले, तर ती शांतपणे म्हणाली की ज्याने खणले त्यानेच हाताने बुजवायचे. आठ दिवसांत झालं नाही, तर बाईंनी दुसरीकडे बघावं. दुसरी खोली थेट पेठला, आणि तिथून शाळेच्या वेळेला एस.टी. नाही. म्हणजे माझी नोकरी तुझ्या खड्ड्यांत.

नीट रचलेले ग्लास तिच्या शेळीने पाडाभर वाटले. तिच्या शिंगात ‘शुभविवाह’ची झालर अडकलीय, आणि शेजारचा मंगळू रोज मला विचारतो की नवरदेव कुठला.

रानात उतरताना ती जागा कोणाची, एवढं तरी विचारावं. इथे विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, वर शेंगा देतात.

तुझ्यावर माया आहेच. येताना पहार आणू नकोस.
सरिता


नाशिकरोड
४ डिसेंबर १९९८

चि. सरितास, अ. आ.

काल येऊन गेलो. तू वर्गात होतीस आणि मी शेणात, म्हणून भेटलो नाही.

कुसाबाई दिवसभर दगडावर बसून देखरेख करत होती. बांधाची माती घेऊ देईना. मुरूम ओढ्यापासून पाटीने वाहिला, खड्डे भरले, पाणी मारून बडवले. बँडवाल्यांची कुजबुज ऐकत धंद्यात वर आलोय, त्यामुळे ती मंगळूला काय म्हणाली ते बरोबर ऐकलं : या माणसाचं पोट बघता सतरावा खड्डाही याचाच असणार. मला बाई आवडली. ग्लास पोत्यात भरून इकडे आणलेत. झालर काही शेळीने सोडली नाही.

मग अख्खं खळं एकट्याने सारवलं. उगाच सांगत नाही, आरसा केला. कुसाबाई बघतच राहिली. नुसता पदर तोंडाला. भारावलेलं माणूस मला लगेच ओळखू येतं. लगोलग म्हणाली की खोली बाईंचीच.

कंबर धरलीय, लोभ तूही धरून ठेव.
यादवदादा


आश्रमशाळा, ता. पेठ
९ डिसेंबर १९९८

ती. दादास, सा. न.

खोली राहिली. काल मळणी झाली, दाणा खड्ड्यात गेला नाही. कुसाबाई म्हणते की भाऊ अडाणी आहे, पण लबाड नाही. तुझ्यासाठी दोन शेर नागली बांधून दिलीय. भाकरी थापायला वहिनीला सांग, तू हात लावू नकोस.

आशीर्वाद असू दे.
सरिता

ता. क. तू कडेने सारवत सारवत मधोमध पोचलास आणि ओल्यातून चालत बाहेर आलास. तुझी पावलं मोडायला कुसाबाईने दुसऱ्या दिवशी सगळं खळं पुन्हा सारवलं.