चार घास

आबा, आज मी एका पोरीच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं. तळेगावच्या ज्या दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथे वराळ्याचे एक म्हातारबाबा आठवडाभर आहेत, छातीच्या दुखण्याने. नाकात ऑक्सिजनची नळी. त्यांची लेक डबा घेऊन आली होती आणि तोंडाशी घास धरून म्हणत होती, "खावा की अप्पा, चारच घास. अंगात ताकद कशी यायची?" ते मान हलवत होते, ती ऐकत नव्हती. मी ताट ओढलं तशी आमटी तिच्या साडीवर सांडली. नंतर तिला बाहेरच्या बाकावर बसवून सगळं नीट समजावलं, पण आधी ओरडले ते ओरडलेच. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि माझा हात अजून असा चालतो.

तुमचे क्रशरवरचे दिवस मला गुळामुळे आठवतात. संध्याकाळी खडीचा पट्टा बंद झाला की मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की दिवसभराची धूळ त्याला चिकटून पोटात उतरते आणि सकाळी बाहेर पडते, असं तिथले सगळे मानायचे. तुम्ही अर्धा खडा खायचात आणि अर्धा रुमालात बांधून कुसगावच्या घरापर्यंत माझ्यासाठी आणायचात. आई म्हणायची, "तिला कशापायी देता? तिच्या छातीत कुटं धूळ हाय?" तुम्ही म्हणायचात, "ग्वाड हाय, खाऊ दी," आणि उंबऱ्यावर बसून खोकत राहायचात. भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मालकाने तोंडावर बांधायला काही दिलं नाही, गूळ दिला. त्याचा मला आजही संताप येतो. घशात अन्नाचं आणि श्वासाचं दार शेजारी शेजारी असतं, आणि गिळताना श्वासाच्या दारावर झाकण पडतं. गूळ त्या दारात पाऊलसुद्धा टाकत नाही. इतकी साधी गोष्ट, पण तुम्हाला ती कुणी सांगितली नाही.

मी नर्सिंगला लागले तोवर तुमचं काम सुटलं होतं. आमच्या पुस्तकात श्वसन वेगळं, रक्ताभिसरण वेगळं, पचन वेगळं. प्रत्येकाचा धडा निराळा, चित्रातला रंग निराळा. तुमच्या अंगात मात्र तिघांचा एकच संसार होता. फुप्फुसं धुळीने ताठरली, तेव्हा त्यांच्यातून रक्त ढकलायला हृदयाला जास्तीचा जोर लावावा लागला. हृदय थकलं तसं रक्त मागे तुंबलं. पाय सुजले, यकृत सुजलं, पोट डब्ब झालं आणि भूक मेली. त्यात पोट गच्च भरलं की ते छातीखालच्या पडद्याला वर रेटतं आणि उरलासुरला श्वासही आखडतो. शिवाय खाल्लेलं पचवायला आतड्यांना जादा रक्त लागतं, म्हणजे थकलेल्या हृदयाला पुन्हा काम. आई म्हणायची, "दम लागतोय म्हंजी अशक्तपणा, आन अशक्तपणा म्हंजी खात न्हाईत." तिचंही अगदीच चूक नव्हतं. रक्ताला अन्न लागतंच. पण ते पोचवणारेच खचले होते, हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

तो रविवार. मी हॉस्टेलवरून आले आहे आणि मला चारची एसटी गाठायची आहे. आईने कोंबडीचा रस्सा आणि इंद्रायणीचा भात केला आहे. तुम्ही भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला आहात. ओठ जांभळट. दोन घास खाऊन तुम्ही हात आडवा धरता.

"बाय, प्वाट भरलं की दम वर चढतो. जरा थांबून खातो."

आई दाराशी पदराने डोळे पुसते आहे. मी म्हणते, "आबा, ल्हान पोरावानी करू नका. खाल्लं न्हाई तर रगात कुटनं यायचं? ताट रिकामं झाल्याबिगर मी जायची न्हाई."

तुम्ही माझ्याकडे बघता. "बरं," म्हणता. "तू शिकल्याली हायस. तुला जास्त कळतंय." आणि तोंड उघडता.

मी भरवत भरवत ताट रिकामं केलं. आई म्हणाली, लय दिसांनी पोटभर जेवले. मी पिशवी भरायला घेतली. अर्ध्या तासात तुम्हाला बसवेना आणि झोपवेना, कपाळावर घाम आला, छाती भात्यासारखी चालू लागली. रिक्षा दारात येण्याआधी तुम्ही माझ्या खांद्यावर मान टाकलीत.

आई त्यानंतर येईल त्याला सांगत राहिली की लेकीच्या हातचं पोटभर जेवून गेले, सोन्याचं मरण. अजूनही सांगते. मागाहून आलेल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन म्हटलं होतं की तसेही फार दिवस उरले नव्हते. असतीलही थोडे, पण ते तुमचे होते.

नवीन नर्स आल्या की मी त्यांना तुमचं सांगते. आज त्या पोरीलाही सांगितलं: माझ्या वडिलांना मी असंच भरवलं, तेव्हा मला माहीत नव्हतं. ती माझा हात धरून रडली.

आबा, मला माहीत होतं. त्याच आठवड्यात नर्सिंगच्या वर्गात बाईंनी शिकवलं होतं, अशा पेशंटला थोडं थोडं, पाचसहा वेळा द्या, पोटभर कधीच नाही. वहीत मी त्या ओळीखाली रेघ मारली होती. तुम्ही हात आडवा धरलात तेव्हा ती ओळ मला आठवली. पण एसटीची वेळ होत आली होती, आई रडत होती, आणि दर दोन घासांनी थांबायला मला सवड नव्हती.

हे लिहून आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. ती आता माझ्याकडेच असते. मघाशी तिने विचारलं, "काय लिव्हतीयास गं एवढं?" मी म्हटलं, दवाखान्याचं.